आल्डो लिओपोल्ड आणि त्याचें पाइनवन

पाइन वृक्षाशीं आमच्या विद्यार्थ्यांची ओळख बहुधा भूगोलाच्या पुस्तकांतूनच झालेली असते. हिमालयाच्या उतारांवर ज्यास चीड म्हणतात तो ह्याच कुळांतील वृक्ष. उत्तर अमेरिकेंतील मोठ्या सरोवरांच्या भोंवतालीं ह्या कुळाचीं अफाट वनें एके काळीं उभीं होतीं; मनुष्यानें कुऱ्हाड व आग ह्या दोन साधनांनीं तीं साठसत्तर वर्षांत जवळ जवळ नाहींशीं केलीं. अशा एका उजाड तुकड्यावर बायकोमुलांच्या हातांनीं पुन्हां पाइन उभा करणाऱ्या एका प्राध्यापकाची हकीकत यंदा सांगण्याचें योजिलें आहे. त्याचें नांव आल्डो लिओपोल्ड. त्याच्या देशांत तें नांव सुप्रसिद्ध आहे. आपल्याकडे तें तितकेंसें ऐकूं येत नाहीं. त्यानें झाडें लाविलीं एवढ्याचसाठीं त्याचें चरित्र वाचावें असें मी म्हणणार नाहीं. झाडें पुष्कळांनीं लाविलीं आहेत. अग्नीविषयीं तरुणपणीं छापून प्रसिद्ध केलेलें स्वतःचें मत त्यानें पुढें प्रत्यक्ष पुराव्यापुढें सोडून दिलें, हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

आल्डोचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजीं अमेरिकेच्या आयोवा संस्थानांत, बर्लिंग्टन ह्या गांवीं झाला. मिसिसिपी नदीच्या उंच कांठावर त्यांचें घर होतें. घराणें मूळचें जर्मन. बालपणीं मुलाच्या तोंडीं पहिली भाषा जर्मनच होती. वडील कार्ल लिओपोल्ड ह्यांचा लिहिण्याचीं मेजें तयार करण्याचा कारखाना होता, आणि त्यांना शिकारीचा मोठा नाद होता. नदीकांठच्या दलदलींत हजारों बदकें उतरत. वसंत ऋतूंत हे पक्षी अंडीं घालण्यासाठीं उत्तरेकडे जातात. त्या वेळीं त्यांना मारणें म्हणजे पुढील वर्षाचें पीक बियाण्यांतच खाणें होय, हें ओळखून कार्ल ह्यांनीं तसा कायदा होण्यापूर्वींच वसंतांतील शिकार आपण होऊन बंद केली. कोणी पाहात नसतां पाळलेला हा नियम मुलानें पाहिला होता. मुलांना शिस्त लावण्याविषयीं आपण पालक पुष्कळ बोलतों. कार्ल लिओपोल्ड ह्यांनीं बहुधा थोडेंच सांगितलें असावें.

सतराव्या वर्षीं आल्डोला न्यू जर्सी संस्थानांतील लॉरेन्सव्हिल येथील शाळेंत पाठविण्यांत आलें. तेथून तो आईला लांबलचक पत्रें लिही, व त्यांत अभ्यासापेक्षां रानांतील भटकंती, पक्षी आणि फुलें ह्यांचीच हकीकत अधिक असे. १९०५ सालीं तो येल विद्यापीठांत गेला आणि १९०९ सालीं तेथील वनविद्येच्या विद्यालयाची पदवी घेऊन बाहेर पडला. ह्या विद्यालयाचा आपल्या देशाशीं दूरचा पण खरा संबंध आहे. तें १९०० सालीं पिंचो घराण्याच्या देणगींतून निघालें. आणि गिफर्ड पिंचो ह्यानें युरोपांत वनविद्येचे धडे घेतले ते डीट्रिख ब्रँडिस ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं. हे ब्रँडिस म्हणजे ब्रह्मदेशांतील सागवानी वनांची व्यवस्था लावणारे व १८६४ सालीं हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले प्रमुख झालेले जर्मन गृहस्थ. अशा रीतीनें ब्रह्मदेशांत व हिंदुस्थानांत मिळविलेल्या अनुभवाचा कांहीं अंश अमेरिकेंतील ह्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोंचला.

पदवी हातीं पडतांच लिओपोल्डला सरकारी जंगलखात्यांत जागा मिळाली, व तो ॲरिझोनांतील अपाची नांवाच्या राखीव वनांत रुजू झाला. वय बावीस वर्षांचें. उंच बूट, घोडा, पिस्तूल, आणि हाताखालीं वनाची मोजणी करणारी एक टोळी. पहिलीच कामगिरी बिघडली. हिशोबांत चुका झाल्या, हाताखालचे लोक नाखूष झाले, व वरिष्ठांनीं त्याच्या वर्तनाची चौकशी केली. नोकरी वांचली हें नशीब. थोर पुरुषांच्या चरित्रांत असले प्रसंग गाळण्याची चाल आहे. पण वर्गांत पहिल्या वर्षीं नापास होणाऱ्या मुलांनीं ते अवश्य वाचावे.

त्याच काळांतील दुसरी एक गोष्ट त्याच्या मनांत पस्तीस वर्षें राहिली. त्या दिवसांत लांडगा दिसला कीं गोळी घालावयाची, हा सर्वमान्य नियम होता. लांडगे कमी झाले म्हणजे हरणें वाढतील अशी समजूत होती. एकदां कड्यावर बसले असतां त्याला व त्याच्या सोबत्यांना खालीं एक लांडगी पिलांसह दिसली. त्यांनीं बंदुका रिकाम्या केल्या. तो खालीं पोहोंचला तेव्हां लांडगी मरत होती, आणि तिच्या डोळ्यांतील हिरवट तेज मालवत जातांना त्यानें पाहिलें. त्या वेळीं त्याला त्याचें फारसें कांहीं वाटलें नाहीं. पुढें लांडगे नसलेल्या डोंगरांवर हरणांनीं झुडूप आणि रोप शिल्लक ठेवलें नाहीं व अखेर तीं स्वतःच उपाशीं मेलीं, हें पाहिल्यावर त्या डोळ्यांचा अर्थ त्याला उमगला. १९४४ सालीं त्यानें ती हकीकत स्वतःचा दोष न लपवितां लिहून काढली.

१९११ सालीं त्याची बदली न्यू मेक्सिकोच्या उत्तरेस कार्सन येथील वनांत झाली. पुढील वर्षीं, ९ ऑक्टोबर रोजीं, सांता फे येथें एस्टेला बेर्गेरे ह्या तरुणीशीं त्याचा विवाह झाला. सुखाचे दिवस अवघे सहा महिने टिकले. १९१३ च्या एप्रिलांत मेंढपाळांचे चराईचे तंटे मिटविण्यासाठीं तो दूरच्या भागांत घोड्यावरून गेला होता. वाटेंत गारा, पाऊस व बर्फ ह्यांत तो सांपडला आणि अंग सुजून परत आला. मूत्रपिंडाचा तो विकार त्या काळीं बहुधा प्राणच घेई. तो वांचला, पण वर्षाहून अधिक काळ त्याला घरीं पडून राहावें लागलें, आणि घोड्यावरची ती दगदग पुन्हां त्याच्या वांट्यास आली नाहीं. अंथरुणांत पडल्या पडल्या तो वाचूं लागला, विचार करूं लागला, लिहूं लागला. पुढें जो लेखक जगाला दिसला त्याची घडण ह्याच काळांत झाली असावी.

आतां अग्नीकडे वळूं. १९१० च्या उन्हाळ्यांत आयडाहो व मॉन्टॅना ह्या संस्थानांत भयंकर वणवे पेटले. सुमारे ३० लक्ष एकर वन जळालें आणि आग विझविणारे कित्येक लोक प्राणांस मुकले. त्या दुःखांतून जंगलखात्याचा असा निश्चय झाला कीं, वनांतील प्रत्येक आग, मग ती कशीहि लागलेली असो, विझविलीच पाहिजे. परंतु कॅलिफोर्नियांतील कांहीं जमीनदार व गुराखी निराळेंच म्हणत. तेथील आदिवासी लोक वनाच्या तळाशीं थोड्या थोड्या वर्षांनीं हलकी आग लावीत; त्यामुळें पालापाचोळा सांचत नसे व मोठा वणवा पेटत नसे; तीच रीत चालू ठेवावी असें त्यांचें म्हणणें होतें. शिकलेल्या वनाधिकाऱ्यांना ही रानटी समजूत वाटली. तरुण लिओपोल्डहि त्यांतलाच. १९२० सालीं त्यानें एक लेख लिहून ह्या रीतीची चांगलीच खिल्ली उडविली. अशा आगींनीं कोंवळीं रोपें मरतात व वन म्हातारें होत जातें, असा त्याचा मुद्दा होता.

चारच वर्षांनीं त्याच लेखणींतून दुसरा लेख उतरला. दक्षिण ॲरिझोनाच्या डोंगरांतून हिंडतांना त्याला एक चमत्कार दिसला होता. जुनिपर नांवाच्या जुन्या झाडांच्या बुंध्यांवर जुन्या भाजल्याचे व्रण होते, एकावर एक. म्हणजे पूर्वीं तेथें वारंवार आग येऊन जात असे. परंतु गेल्या चाळीस वर्षांतील एकहि व्रण दिसेना, आणि त्याच चाळीस वर्षांत उतारांवर झुडपांची दाटी झाली होती व माती वाहून जात होती. चाळीस वर्षांपूर्वीं काय घडलें? त्या प्रदेशांत गुरांचे प्रचंड कळप आले. गुरांनीं गवत खाल्लें. गवत नाहीं म्हणून आगीला सरपण नाहीं. आग नाहीं म्हणून झुडपें मोकाट वाढलीं. आणि गवताच्या मुळांनीं धरून ठेवलेली माती सुटून ओढ्यांतून निघून गेली. आग होती तोंवर माती टिकली होती, आणि आग थांबल्यावर ती गेली! आग विझविण्याचा पगार घेणाऱ्या अधिकाऱ्यानें हें लिहावें ह्याला धैर्य लागतें. तो आगीचा भक्त झाला असें मात्र नव्हे. त्यानें एवढेंच दाखविलें कीं, चराईला मोकळीक आणि आगीला बंदी हें धोरण त्या डोंगरांत भूमीचें रक्षण करीत नाहीं.

त्याच १९२४ सालीं त्याच्या आग्रहावरून न्यू मेक्सिकोंतील हिला नदीच्या उगमाकडील सुमारे साडेसात लक्ष एकर प्रदेश रस्ते व वस्ती ह्यांपासून मुक्त असें अस्पर्श वन म्हणून राखण्यांत आला. अमेरिकेंतील अशा प्रकारचें तें पहिलें वन. त्यानंतर लौकरच त्याची बदली विस्कॉन्सिन संस्थानांत मॅडिसन येथें झाली. तेथें लांकडावर प्रयोग करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेंत तो चार वर्षें राहिला. उभ्या झाडावर प्रेम करणाऱ्याला कापलेल्या लांकडाच्या संस्थेंत बसविलें तर व्हावयाचें तेंच झालें, आणि १९२८ सालीं त्यानें ती जागा सोडली. पुढें वन्य प्राण्यांची पाहणी, एक मोठा पाठ्यग्रंथ, आणि १९३३ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठांत त्या विषयाची प्राध्यापकी, असा क्रम झाला. अमेरिकेंत ह्या विषयाचा तो पहिलाच प्राध्यापक.

ह्या सुमारास त्याचा एक मित्र हर्बर्ट स्टॉडर्ड दक्षिणेकडे जॉर्जियांत लाव्ह्यांसारख्या एका पक्ष्याचा अभ्यास करीत होता. तेथील लांब पानांच्या पाइनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ह्या झाडाचें रोप पहिलीं कांहीं वर्षें उंच वाढतच नाहीं. गवताच्या झुबक्यासारखें तें जमिनीसरसें बसून राहतें व मूळ खोल सोडीत असतें. आग आली तर लांब हिरवीं पानें जळतात, परंतु त्यांच्या दाट गुंफणींतील कोंब सुरक्षित राहतो. मग एके वर्षीं तें झपाट्यानें उंच होतें. अशा वनांत आग बंद केली म्हणजे दुसरीं झाडें शिरतात आणि पाइनच्या रोपाला ऊन मिळत नाहीं. स्टॉडर्डनें आपल्या ग्रंथांत आगीची उपयुक्तता सांगितली, तेव्हां तें प्रकरण सरकारी मंडळींच्या विरोधामुळें त्याला पुन्हां पुन्हां लिहावें लागलें. ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला.

विस्कॉन्सिनच्या विद्यापीठाला शहरालगत पडीक शेतजमीन मिळाली होती. निरनिराळ्या देशांतील शोभेचीं झाडें आणून तेथें बाग करावी असें कोणासहि सुचलें असतें. लिओपोल्ड व त्याचे सहकारी ह्यांनीं निराळा बेत केला: गोरे लोक येण्यापूर्वीं ह्या भूमीवर जें गवत, जीं फुलें, जीं झाडें होतीं, तींच परत आणावयाचीं. जून १९३४ मध्यें त्या उपवनाचा समारंभ झाला, आणि पुढें मंदीच्या दिवसांतील बेकार तरुणांच्या सरकारी छावणीनें पुष्कळसें काम केलें. गवताळ माळ लावला, पण परदेशी गवत कांहीं केल्या हटेना. तेव्हां जॉन कर्टिस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें तुकडे पाडून योजून आग लावण्याचे प्रयोग केले, व त्यांचा निष्कर्ष १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. परदेशी गवत वसंतांत लौकर जागें होतें, देशी गवत उशिरां. म्हणून ऐन वेळीं दिलेली आग पाहुण्याला भाजते आणि घरच्याचीं खोल मुळें मातीखालीं निर्धास्त असतात. आज जगभर अशीं जीं कामें चालतात त्यांचें एक मूळ ह्या प्रयोगांत आहे.

१९३५ च्या शरद ऋतूंत लिओपोल्ड जर्मनीस गेला. पूर्वजांच्या देशांत त्याला सैनिकांसारखीं रांगेंत उभीं केलेलीं एकाच जातीचीं झाडें दिसलीं. खालीं झुडूप नाहीं, फूल नाहीं, आणि हरणें मात्र कुंपणांत पोसलेलीं. तो खिन्न होऊन परतला. उलट पुढील वर्षीं मेक्सिकोंतील सिएरा माद्रे डोंगरांत, गाविलान नदीच्या कांठीं, त्याला प्रसन्न करणारें दृश्य दिसलें. तेथें अपाची लोकांच्या धाकानें गुरें व वसाहतवाले फार काळ शिरूं शकले नव्हते. ओक व पाइन ह्यांच्या त्या वनांतून दर थोड्या वर्षांनीं आग जात असे, आणि पाइन किंचित् विरळ असण्यापलीकडे तिचें कोणतेंहि वाईट लक्षण दिसत नव्हतें. ओढ्यांचें पाणी नितळ होतें. सोळा वर्षांपूर्वीं ज्या मताची त्यानें थट्टा केली होती, तें मत डोंगर स्वतः बोलून दाखवीत होता.

परंतु त्याच्या हृदयाच्या सर्वांत जवळचें काम ह्याहून फार लहान होतें. १९३५ सालीं त्यानें मॅडिसनच्या उत्तरेस, बाराबू गांवाजवळ विस्कॉन्सिन नदीच्या कांठीं, ८० एकरांचें एक टाकून दिलेलें शेत एकरीं ८ डॉलर दरानें विकत घेतलें. हा भाग हिमयुगांतील नद्यांनीं आणून टाकलेल्या वाळूचा. त्यावर एके काळीं पांढरा पाइन व तांबडा पाइन उभे होते. लांकूडतोड्यांनीं ते कापून नदीवाटे शहरांस पोहोंचविले आणि फांद्यांचे ढीग मागें टाकले. ह्या संस्थानांत त्या ढिगांनीं काय अनर्थ केला हें पेश्टिगो गांवाच्या नशिबावरून कळतें: ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्रीं तें गांव व आसपासचा प्रदेश जळून हजारांहून अधिक माणसें मेलीं. पाइनला आग नवी नव्हती. मोठ्या पाइनची साल जाड असते. हलक्या आगीनें तळाचा कुजका थर जातो व बीं उघड्या मातीवर पडतें. आणि जॅक पाइन नांवाच्या जातीचीं पुष्कळशीं फळें तर राळेनें घट्ट मिटलेलीं असतात, तीं आगीच्या उष्णतेनेंच उघडतात. पण कापलेल्या फांद्यांवर पेटलेली आग ही त्या जातीची नव्हे. ती बीं, माती व बीं देणारीं झाडें सर्वच खाते. मग त्या वाळूवर शेतकरी आले, मका काढून जमीन दमविली, आणि कर्जापायीं निघून गेले. लिओपोल्डच्या आधींचा रहिवासी चोरून दारू गाळी, व जातांना राहतें घर जाळून गेला होता असें सांगतात.

उभा होता तो फक्त कोंबड्यांचा खुराडा, आणि त्यांत गुडघाभर खत. प्राध्यापकानें बायको व पांच मुलांसह तें खत उपसलें, चूल बांधली, फळ्यांचे पलंग केले, व आठवड्याची सुट्टी तेथें घालविण्यास सुरुवात केली. सर्वांत थोरला मुलगा स्टार्कर एकवीस वर्षांचा होता आणि सर्वांत धाकटी एस्टेला आठ वर्षांची. मधले लूना, नीना आणि कार्ल. तरुण मुलांना शहरांतील गमती सोडून येथें येण्यास कसें राजी केलें, हें मला नेहमींच कोडें वाटत आलें आहे.

१९३६ च्या वसंतांत त्यांनीं हजारों पाइन लाविले. काम असें चाले: एकानें फावड्यानें चीर पाडावयाची, दुसऱ्यानें पाण्याच्या बादलींतून रोप उचलून मूळ सरळ खालीं सोडावयाचें, आणि टांचेनें माती घट्ट दाबावयाची. मूळ थोडा वेळ उन्हावाऱ्यांत उघडें राहिलें तरी रोप गेलें. त्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या मध्य भागांत भीषण अवर्षण पडलें, आणि लाविलेल्या रोपांपैकीं जवळ जवळ सर्व मेलीं.

आपल्याकडे आषाढांत समारंभानें रोप लावण्याची व चैत्रांत त्याची जागासुद्धां न आठवण्याची जी रीत आहे, ती लक्षांत घेतां पुढील गोष्ट सांगावीशी वाटते. दुसऱ्या वसंतांत तें कुटुंब पुन्हां फावडीं व बादल्या घेऊन हजर झालें. तिसऱ्या वसंतांतहि. किती लाविलीं, कोणत्या बाजूस, किती जगलीं, हें वहींत टिपलें जाई. सशांनीं शेंडे कुरतडले, हरणांनीं फांद्या खाल्ल्या, किड्यांनीं कोंब मारले, कांहीं रोपांवर रोग पडला. कोणत्या जातीनें काय सोसलें त्याचीहि नोंद झाली. ह्या क्रमानें १९४८ पर्यंत ४०,००० हून अधिक पाइन लावले गेले असावेत असा अंदाज आहे. त्याबरोबर ओक, निरनिराळीं झुडपें, आणि माळावरचीं देशी गवतें व फुलेंहि लाविलीं. त्याचे विद्यार्थी येत, त्यांच्याहि हातांत फावडें दिलें जाई. प्राध्यापक स्वतः पहांटेच्या अंधारांत उठून, कॉफीचें भांडें शेजारीं ठेवून, कोणता पक्षी किती वाजतां प्रथम बोलला तें लिहीत बसे. अकरा वर्षांच्या ह्या नोंदींवरून फुलें उमलण्याचें व पक्षी परतण्याचें एक वेळापत्रक त्यानें आपल्या एका विद्यार्थिनीसह १९४७ सालीं प्रसिद्ध केलें.

सार्वजनिक कामांत त्याला इतकें समाधान मिळालें नाहीं. विस्कॉन्सिनमध्यें हरणें अतोनात वाढून हिवाळ्यांत उपाशीं मरूं लागलीं होतीं व नवीं झाडें उठूं देत नव्हतीं. त्यांची संख्या कमी करावी असें त्यानें सांगतांच लोक खवळले. १९४३ च्या शिकारीनंतर वर्तमानपत्रांतून त्याच्यावर फार कडक टीका झाली. आपल्याच तरुणपणींची चूक लोकांच्या तोंडून ऐकणें हा विचित्र अनुभव असला पाहिजे. तो रागावला नाहीं, पण थकला. चेहऱ्याच्या मज्जातंतूंचें तीव्र दुखणेंहि त्याच सुमारास त्याच्या मागें लागलें.

त्या शेतावरील व पूर्वायुष्यांतील अनुभवांचे निबंध त्यानें एकत्र केले होते. एकामागून एक प्रकाशक ते परत करीत होते. अखेर १४ एप्रिल १९४८ रोजीं ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाकडून होकार आला. तो आनंद बरोबर घेऊन तो, पत्नी व धाकटी एस्टेला वसंतांतील लागवडीसाठीं शेतावर गेलीं. २१ एप्रिलच्या सकाळीं नदीच्या बाजूस धूर दिसला. एका शेजाऱ्याची कचऱ्याची आग वाऱ्यानें सुटून वाळल्या गवतांत शिरली होती व पाइनच्या दिशेनें येत होती. दहाबारा वर्षांचा पाइन अजून कोंवळा; जी आग मोठ्या वृक्षाच्या पायाशीं नुसती गुरगुरून जाते ती ह्याला मुळासकट संपविते. तिघांनीं झाडू, बादल्या, पोतीं व हातपंप उचलला. पत्नीला त्यानें ठिणग्यांवर लक्ष ठेवण्यास एका जागीं उभें केलें, मुलीला मदत बोलाविण्यास धाडलें, आणि आपण पंप घेऊन न जळलेलें गवत ओलें करीत पुढें गेला. तेथें त्याच्या हृदयानें दगा दिला. तो जमिनीवर आडवा झाला, आणि मागाहून आग त्याच्या देहावरून हलकेच निघून गेली. खिशांतील टिपणवहीच्या कडा करपल्या होत्या. वय एकसष्ट वर्षांचें. त्याला बर्लिंग्टन येथें आईवडिलांच्या गांवीं पुरण्यांत आलें. त्या दिवशीं पाइन वांचले.

पुस्तकाचें उरलेलें काम लूना ह्यानें पुरें केलें व तें १९४९ सालीं प्रसिद्ध झालें. प्रथम त्याचा खप बेताचाच होता. पुढें तो वाढत वाढत वीस लक्ष प्रतींच्या वर गेला. पांचही मुलें निसर्गशास्त्रांत शिरलीं, आणि त्यांपैकीं तिघांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञानपरिषदेवर निवड झाली. स्टार्करच्या अध्यक्षतेखालील एका समितीनें १९६३ सालीं सरकारला कळविलें कीं, राष्ट्रीय उद्यानांतील वनें आगीवांचून बिघडलीं आहेत, व योजून लावलेली आग हें तीं सुधारण्याचें एक साधन आहे. १९६८ सालीं तेथील धोरण बदललें. ज्या बापानें १९२० सालीं हलक्या आगीची थट्टा केली आणि जो १९४८ सालीं सुटलेल्या आगीशीं झुंजतां झुंजतां गेला, त्याच्या मुलाच्या हातून हें व्हावें!

पालकांच्या मनांत येथें एक शंका येईल, म्हणून दोन शब्द लिहितों. योजून लावलेली आग म्हणजे काडी ओढून मोकळें होणें नव्हे. आधीं सभोंवार जाळरेषा काढतात, म्हणजे गवत खरडून किंवा जाळून आगीला ओलांडतां न येईल असा पट्टा करतात. वारा कोणीकडून, किती वेगाचा, हवेंत ओलावा किती, गवत किती वाळलें, हें मोजतात, आणि एकहि गोष्ट बिघडली तर काम त्या दिवशीं रहित करतात. बहुधा वाऱ्याच्या उलट दिशेनें आग प्रथम चालवितात, म्हणजे ती सावकाश मागें सरकत जाते. आपल्या सह्याद्रीच्या डोंगरांवर फाल्गुनचैत्रांत रात्रीं जी लाल रेघ दिसते ती ह्यांतली नव्हे. ती बहुतेक वेळां निष्काळजी हातांनीं लागलेली असते, तिला वेळ नसतो व मर्यादा नसते. अमेरिकेंतील वृक्षांचा नियम आपल्या वृक्षांना जसाच्या तसा लावणें म्हणजे लिओपोल्डकडून कांहींच न शिकणें होय.

मुलांनीं १९८२ सालीं पित्याच्या नांवें एक संस्था स्थापिली. नीना उतारवयांत त्याच भूमीवर परत येऊन राहिली व २०११ सालीं मृत्यु येईपर्यंत पक्ष्यांच्या व फुलांच्या नोंदी तिनें सोडल्या नाहींत. पाइन दाट झाले, तेव्हां विरळ करण्यासाठीं कांहीं कापावे लागले, आणि त्या लांकडाचा उपयोग करून संस्थेची इमारत २००७ सालीं बांधण्यांत आली. खुराडा अजून जागच्या जागीं आहे. २००९ सालीं त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. ह्या भूमीवर आतां स्वयंसेवक येतात. ते नको असलेलीं झुडपें तोडतात, देशी गवताचें बीं गोळा करतात, आणि ठरलेल्या दिवसांत गवताळ भागांस आग देण्याचें कामहि तेथें चालतें. अशा दिवशीं जाळरेषेवर उभें राहणाऱ्यांच्या पाठीवर पाण्याचा हातपंप असतो.